औषधी झाडाला नत्र कुठलं द्यायचं: युरिया, सल्फेट की नायट्रेट, घरीच ट्रायल लावून कसं बघायचं

कोल्हापुरात ज्यानं एक हंगाम जरी गुऱ्हाळावर काढलाय त्याला हे वेगळं शिकवायला लागत नाही की उसाला शेवटी शेवटी युरिया पडला असेल तर काहिलीतच कळतं, मळी जास्त येते, गूळ नीट बसत नाही, रंग काळपट पडतो, आणि जुना गुळव्या पाक बोटावर घेऊन सांगतो की ह्या फडाला उशिरा खत घातलंय. तिकडं कागल-निपाणी पट्ट्यात तंबाखूवाल्याला विचारा, तो उलटं सांगेल, नत्र चढवलं की पान कडक होतं, निकोटिन वाढतं, शेंडा खुडला की आणखी वाढतं. खत तेच, पण एका पिकात गोडी घटते आणि दुसऱ्यात कडकपणा चढतो. औषधी वनस्पतींना नत्र कसं द्यायचं ह्याचं निम्मं उत्तर ह्या दोन पिकांतच आहे, म्हणून मी नवीन माणसाला पहिला प्रश्न हाच विचारतो की तुमचं झाड गुळाच्या बाजूचं की तंबाखूच्या बाजूचं?

कारण साधं आहे. साखरेच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढंच असतं, नत्राचा एक अणू नाही. निकोटिनच्या रेणूत नत्राचे दोन अणू बसलेले असतात. झाडाला नत्र भरपूर मिळालं की ते पानात तयार झालेली साखर प्रथिनं करायला, नवीन पानं-फुटवे काढायला खर्च करतं, मग वासाची, तुरटपणाची, कडूपणाची जी द्रव्यं निव्वळ कार्बनवर उभी राहतात त्यांच्या वाट्याला कमी येतं. आणि ज्या द्रव्याच्या बांधणीतच नत्र लागतं त्याला कच्चा माल मिळतो. हा विचार शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये नीट मांडला, नंतर त्याला बरेच अपवाद सापडले, त्यामुळं दगडावरची रेघ समजू नका, पण सुरुवात करायला ह्याच्याइतका चांगला अंदाज दुसरा नाही.

तर गुळाच्या बाजूला कोण? तुळस (युजेनॉल), गवती चहा (सिट्रल), हळद (कर्क्युमिन), कालमेघ (अँड्रोग्राफोलाइड), अश्वगंधा (विथॅनोलाइड), शतावरी आणि सफेद मुसळी (सॅपोनिन), ब्राह्मी (बॅकोसाइड). ह्यांच्या मुख्य द्रव्यात नत्र नाही. तंबाखूच्या बाजूला अडुळसा (व्हॅसिसिन), सर्पगंधा (रेसर्पिन), सदाफुली (व्हिनक्रिस्टिन, व्हिनब्लास्टिन), आपल्या सह्याद्रीतली नरक्या (कॅम्पटोथेसिन), ही सगळी अल्कलॉइडवाली मंडळी, म्हणजे ज्यांच्या औषधी द्रव्याच्या रेणूतच नत्र असतं अशी. पण सदाफुलीला नुसता नत्राचा मारा करून अल्कलॉइड वाढत राहील असं समजू नका, कारण तिचं अल्कलॉइड दोन बाजूंनी जोडलं जातं, एक तुकडा ट्रिप्टोफॅन ह्या अमिनो आम्लातनं येतो, त्यात नत्र असतं, आणि दुसरा तुकडा टर्पिनचा, तो कार्बनवरचा, एक बाजू कमी पडली की जोडणी अडते.

माझी पहिल्या वर्षीची तुळस सांगतो. अर्धा गुंठा लावलेली, पंधरा दिवसांची रोपं, आणि बांधावरनं तात्या म्हणाले, "अरं मूठ मूठ युरिया मार की, आठ दिसात काळीभोर हुतीया बघ." आमचं सगळं घर उसाचं, अडसालीला, म्हणजे पावसाळ्यात लावून दीड वर्षानं तोडायच्या उसाला, हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस, त्या हाताला मूठ म्हणजे काहीच नाही. मी मारला. तुळस खरंच काळीभोर झाली, कमरेला लागली, पानं तळहाताएवढी वाटावीत अशी लुसलुशीत, मग शेंड्यांवर मावा आला, आणि कापून सावलीत पसरली तर दोन पोती ओला पाला वाळून मूठभर झाल्यासारखा झाला. खरेदीला आलेल्या माणसानं चार पानं तळहातावर घेऊन अंगठ्यानं चुरली, नाकाजवळ नेली, परत चुरली, आणि म्हणाला, "वास कुठाय?" माल न घेता गेला आणि त्याचं बरोबर होतं, कारण तो माझ्याकडनं पाला विकत घेत नव्हता, पाल्यातलं तेल घेत होता. त्या दिवसापासनं मी नत्र किती ह्याच्याबरोबर नत्र कुठल्या रूपात आणि कधी हे बघायला लागलो.

आता रूपं. दुकानात पोती दहा प्रकारची असली तरी झाडाच्या मुळाशी जाणारं नत्र मुख्यतः दोनच रूपांत जातं, अमोनियम आणि नायट्रेट. युरिया हे तिसरं रूप, पण ते जमिनीत पडलं की युरिएज नावाच्या एन्झाइममुळं थोड्या दिवसांतच अमोनियम होतं, आणि पुढं जमिनीतले जिवाणू अमोनियमचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. उबदार, वाफशावरच्या, हवा खेळत्या जमिनीत हे सगळं दोन-चार आठवड्यांत उरकतं. म्हणजे शेतात तुम्ही काहीही टाका, महिन्याभरानं झाड बरंचसं नायट्रेटच पीत असतं. निमकोटेड युरियात कडुनिंबाचं तेल असतं ते अमोनियमचं नायट्रेट होण्याचा हाच बदल जरा लांबवतं, २०१५ पासून शेतीचा साधा युरिया देशात तसाच येतो.

नायट्रेट ऋणभारित, त्यामुळं मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत, जोराचा पाऊस आला की खाली वाहून गेलं. झाडाच्या दृष्टीनं मात्र ते सोयीचं, पेशीत साठवता येतं, लागेल तसं वापरता येतं, पण वापरायच्या आधी त्याचं अमोनियम करावं लागतं आणि त्याला ऊर्जा लागते, पानातलं ते काम उजेडावर चालतं. म्हणून आषाढात आठ आठ दिवस ऊन नसताना नायट्रेट घातलं तर पानात नुसतं साठत जातं. ब्राह्मी, तुळस, ज्यांचा ताजा रस किंवा काढा माणूस पोटात घेतो, तिथं हे महत्त्वाचं आहे, अशी झाडं कापायचीच तर ऊन पडलेल्या दिवशी दुपारकडं कापा, पहाटे अंधारात नको.

अमोनियम धनभारित, मातीला चिकटून राहतं, वाहून जात नाही. पण झाड त्याला फार साठवू शकत नाही, मुळातच लगेच अमिनो आम्लात बांधायला लागतं आणि त्यासाठी साखर मुळाकडं खेचली जाते. जास्त झालं तर मुळं आखूड, टोकं तपकिरी, पानं लहान, कॅल्शियम-मॅग्नेशियम-पालाश उचलायलाही अडथळा. अशा ताणात काही झाडांत तुरट फिनॉलिक द्रव्यं वाढलेली दिसतात, पण झाड बारीक राहतं. बऱ्याच झाडांना नुसत्या नायट्रेटपेक्षा नायट्रेट जास्त आणि थोडं अमोनियम असं मिश्रण मानवतं.

अजून एक गोष्ट, आणि कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते. मूळ नायट्रेट उचलताना आजूबाजूचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तेवढी आम्लता जास्त) वर नेतं, अमोनियम उचलताना खाली आणतं. आता गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगडची तांबडी जांभी माती आधीच आम्ल, तिथं वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट टाकत राहिलात तर आम्लता आणखी वाढेल, आणि पावसाळ्यात नायट्रेट टाकलं तर ते ओढ्याला जाईल. तिथं शेणखत-निंबोळी पेंडीवर पावसाळा काढा आणि पाऊस ओसरल्यावर नायट्रेट थोडं थोडं द्या. शिरोळ-हातकणंगलेची काळी, चुनखडी असलेली जमीन ह्याच्या उलट. तिथं नायट्रेटवर झाड ठेवलं तर शेंडा पिवळा पडतो, उसावरचा केवडा सगळ्यांना माहीतच आहे, लोह जमिनीत असतं पण मुळाला मिळत नाही. अशा ठिकाणी अमोनियम सल्फेट दिलं की मुळाभोवती आम्लता येऊन लोह सुटतं. आणि त्याच जमिनीत युरिया वरनं फेकला आणि माती आड केली नाही तर अमोनिया होऊन हवेत जातो. चोपण (सोडियम साठून घट्ट झालेल्या) आणि पाणी तुंबणाऱ्या जमिनीत मात्र अश्वगंधा लावूच नका, खत कुठलंही असो.

हे सगळं वाचून पटत नसेल तर उत्तमच, ट्रायल लावा. खर्च फार नाही, तीन महिने आणि थोडी चिकाटी लागते. मी तुळशीवर सांगतो कारण तिचा फरक नाकालाही कळतो.

दसऱ्यानंतर सुरू करा, पावसात नको, कारण पिशव्या भिजल्या की नायट्रेट धुऊन जातं आणि सगळा हिशेब बिघडतो. १० किलो माती बसेल अशा ३० पिशव्या घ्या. निम्मी माती, निम्मी धुतलेली वाळू, शेणखत घालायचं नाही, कारण त्याचं नत्र मध्येच सुटत राहतं. आता इथं एक चूक बहुतेक जण करतात. सल्फेटात नत्राबरोबर गंधक आहे, कॅल्शियम नायट्रेटात कॅल्शियम आहे, मग झाड चांगलं आलं तर ते नत्राच्या रूपामुळं की गंधकामुळं हे कसं कळणार? म्हणून प्रत्येक पिशवीत, अगदी बिनखताच्या पिशवीतही, चहाचा एक चमचा जिप्सम मिसळा, त्यात कॅल्शियम आणि गंधक दोन्ही असतं. वर एक चमचा सिंगल सुपर फॉस्फेट आणि दोन चिमटी पोटॅश, सगळ्यांना सारखं. असं केलं की पिशव्या-पिशव्यांत फरक राहतो तो मुख्यतः नत्राचाच.

सहा सहा पिशव्यांचे पाच गट करा: बिनखताचा, युरियाचा, अमोनियम सल्फेटचा, कॅल्शियम नायट्रेटचा आणि पाचवा सल्फेट-नायट्रेट निम्मं निम्मं. नावं पिशवीवर ऑइल पेंटनं लिहा, मार्कर उडतो. सगळी रोपं एकाच वाफ्यातली, एकाच उंचीची. आणि दर आठवड्याला पिशव्यांच्या जागा बदला, कडेच्या पिशवीला ऊन जास्त लागतं आणि आपण तो फरक खताचा समजून बसतो.

मापाचा भाग नीट वाचा, सगळी ट्रायल ह्याच्यावर उभी आहे. तुलना खताच्या वजनावर करायची नाही, नत्राच्या वजनावर करायची. युरियात ४६ टक्के नत्र, अमोनियम सल्फेटात साधारण २०.५, कॅल्शियम नायट्रेटात १५.५. म्हणजे १ ग्रॅम नत्रासाठी युरिया २.२ ग्रॅम, सल्फेट ४.९ ग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट ६.५ ग्रॅम. प्रत्येक पिशवीला पूर्ण ट्रायलमध्ये १ ग्रॅम नत्र द्यायचंय, चार हप्त्यांत. एक लिटर पाण्यात वरच्या मापाचं खत विरघळवलं की लिटरला १ ग्रॅम नत्राचं पाणी झालं, त्यातलं २५० मिली प्रत्येक पिशवीला एका हप्त्याला आळवणी करा, चार हप्त्यांत बरोबर एक लिटर. सहा पिशव्यांना एका वेळी दीड लिटर लागतं, दोन लिटर करून घ्या, म्हणजे युरिया ४.४ ग्रॅम, सल्फेट ९.८, नायट्रेट १३. किचनमधल्या काट्यावर एवढं बारीक वजन नीट येत नाही, मी गुजरीतल्या एका ओळखीच्या सराफाकडनं सगळ्या पुड्या एकदाच बांधून आणल्या, चारही हप्त्यांच्या, आणि त्यावर तारखा टाकल्या. कॅल्शियम नायट्रेट हवेतला ओलावा ओढतं, पुडीचं पाणी होतं, ते घट्ट झाकणाच्या बरणीतच ठेवा. बिनखताच्या गटाला तेवढंच साधं पाणी द्यायला विसरू नका.

पाचव्या गटासाठी सल्फेट आणि कॅल्शियम नायट्रेट एका बादलीत कालवू नका, दोन्ही एकत्र आली की जिप्सम तयार होऊन खाली साका बसू शकतो, आणि ड्रिपमधनं सोडणाऱ्यांचे तर लॅटरल बंद पडतात. एक हप्ता सल्फेट, दुसरा नायट्रेट, असं आळीपाळीनं द्या. तसंच अमोनियम सल्फेटबरोबर चूलीची राख किंवा चुना कधी घालायचा नाही, अमोनिया उडून जातो, वासानंच कळतं.

लावणीनंतर १५, ३०, ४५ आणि ६० व्या दिवशी हप्ते, आणि कापणी साधारण ८० ते ८५ दिवसांनी, तुळशीला मंजिऱ्या भरात आल्या की. शेवटचा हप्ता आणि कापणी ह्यात तीन आठवडे मोकळे सोडलेत ते मुद्दाम, गुऱ्हाळावरचीच गोष्ट, शेवटचं खत अंगात असताना कापायचं नाही.

मधल्या काळात वही ठेवा. उंची, पानांची संख्या, पानांचा रंग, मावा आला का, कुठल्या गटात आधी आला. पिशवीखाली बशी ठेवून दर पंधरा दिवसांनी गळून आलेल्या पाण्यात पीएचचा कागद बुडवा. पहिल्यांदा सगळे कागद सारखे दिसतात आणि वाटतं काही होत नाहीये. पाचव्या-सहाव्या आठवड्यात माझ्याकडं सल्फेटच्या बशीतला कागद पिवळटाकडं झुकला आणि नायट्रेटचा हिरवट-निळसर, दोन्ही शेजारी शेजारी पायरीवर ठेवून मी किती तरी वेळ बघत बसलो होतो, कारण मुळं मातीत काय करतात हे एरवी डोळ्याला दिसत नाही आणि तिथं ते रंगात आलेलं होतं.

कापल्यावर प्रत्येक पिशवीचं ओलं वजन घ्या, मग सावलीत वाळवा, उन्हात नाही, उन्हात तेल उडतं. दोन दिवस लागोपाठ वजन तेच आलं की वाळलं समजा. ओल्याचं सुकं किती झालं हे गटवार लिहा, जास्त नत्राचा लुसलुशीत पाला इथंच उघडा पडतो. झाड काढून मुळं धुऊन बघा, पांढरी लांब मुळं चांगली, आखूड आणि टोकाला तपकिरी म्हणजे अमोनियम जास्त झालं.

मग द्रव्य. पुड्यांवर नुसते आकडे टाका, कुठला आकडा कुठल्या गटाचा ते फक्त वहीत, आणि घरातल्या चार-पाच जणांना एक एक पान चुरून वास घ्यायला सांगा. आईचं नाक ह्यात सगळ्यात खरं निघतं हा माझा अनुभव, रोज वृंदावनाशी हात लागलेला असतो तिचा. खरा आकडा हवा असेल तर जवळच्या फार्मसी कॉलेजात विचारा, क्लेव्हेंजर नावाच्या काचेच्या उपकरणात पाला उकळून तेल किती टक्के निघतं ते मोजतात. शतावरी-मुसळीवर ट्रायल केली असेल तर घरी एक ढोबळ टेस्ट आहे, सारख्या वजनाची पूड सारख्या पाण्यात घालून एकसारख्या बाटल्यांत सारखंच हलवा आणि फेस किती उंच आला, किती वेळ टिकला ते बघा, सॅपोनिन फेस धरतं. अडुळसा-सर्पगंधेला कॉलेजमध्ये ड्रॅगेनडॉर्फची टेस्ट करतात, अल्कलॉइड असेल तर नारिंगी साका येतो, पण त्यानं आहे की नाही एवढंच कळतं, किती ते कळायला पुढचं मशिन लागतं.

रिझल्ट वाचताना नुसत्या टक्क्याकडं बघू नका. समजा एका गटात सुका पाला १० किलो आणि तेल ०.६ टक्के, तर तेल ६० ग्रॅम. दुसऱ्यात पाला १४ किलो आणि तेल ०.५ टक्के, तर ७० ग्रॅम. तुम्ही स्वतः तेल काढून विकणार असाल तर दुसरा गट फायद्याचा, आणि पाला घेणारा टक्का बघून भाव देत असेल तर पहिला. कुणाला विकायचंय हे ठरल्याशिवाय कुठलं खत चांगलं ह्याला उत्तरच नाही.

ट्रायलवरनं शेतात जाताना हिशेब सोपा, हेक्टरी किलोला १०० नं भागलं की गुंठ्याचे किलो येतात. अश्वगंधेला हेक्टरी १५ किलो नत्र हा आकडा बऱ्याच ठिकाणी वापरतात, म्हणजे गुंठ्याला फक्त १५० ग्रॅम नत्र, युरियात धरलं तर सव्वातीनशे ग्रॅम, सल्फेटात पाऊण किलोच्या आत. अडसाली उसाच्या हिशेबानं त्याच गुंठ्यात ८ किलो ७०० ग्रॅम युरिया पडेल, आणि मग पाला डोक्याएवढा येऊन मुळी पेन्सिलीएवढी राहते. म्हणून उसातनं काढलेल्या रानात अश्वगंधा लावत असाल तर आधी माती परीक्षण करून घ्या, मागच्या पिकाचं नत्र शिल्लक असेल तर पहिल्या वर्षी काहीच घालायला लागणार नाही, आणि घालायचंच झालं तर पेरणीनंतर महिन्याभरात एकदाच, वाफशावर, मातीआड. ट्रायलच्या ३० पिशव्यांतली माती फेकू नका, ती पुढच्या ट्रायलला मात्र चालत नाही, परसातल्या कढीपत्त्याला घाला, आणि पुढच्या दसऱ्याला नवीन माती-वाळू भरून ह्याच मापानं अडुळसा लावून बघा, तो तंबाखूच्या बाजूचा आहे, तिथं वही वेगळं सांगायला लागते.